मोकळा ठेवलेला कोपरा

सातपूर, नाशिक
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. रूपाली,

पाकिटावरचं बापाचं अक्षर तू ओळखशील आणि मग ते फोडावं की नाही, याचा विचार करशील. विचार कर, पण फोड. कामाचं पत्र आहे.

परवा सकाळी मखमलाबादकडच्या नवसाबाई टेम्पोत घालून एक हातगाडा घेऊन आल्या. फ्लॉवरच्या जाळ्या आणि झेंडूची पोती शेतातून रस्त्यापर्यंत आणायचा दोनचाकी गाडा. चाकाचं बेअरिंग गेलं होतं. नवनाथने तो उलटा केला आणि वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मला हाक मारली, "सहादूभाऊ, इकडं या. हा आपला हाय." आपला कसा, म्हणून मी वाकून पाहिलं. रंग उडालेला, मातीचे थर, पण सांगाडा एकाच पत्र्यातून वाकवलेला आणि पट्ट्यांच्या जिभा पत्र्याच्या खाचांत बसलेल्या. असा गाडा आपल्या शेडशिवाय दुसऱ्या कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. अकरा वर्षांपूर्वी तू काढलेला तो.

आपण बाईंच्या शेतकरी गटासाठी पंचवीस केले होते. त्यातले चोवीस परत आले, हे तुला नव्याने सांगायला नको. हा पंचविसावा. मी येवल्याला मावसभावाच्या लग्नाला गेलो होतो, तेव्हा तू स्वतः उभं राहून नवनाथकडून नमुना म्हणून करून घेतला होतास.

आता ऐक. दांडा जिथे सांगाड्याला मिळतो, तिथल्या तिकोनी पट्टीच्या टोकाशी, अगदी कोपऱ्यात, अंगठ्याच्या पेराएवढी जागा वेल्डशिवाय सोडलेली आहे. डोळा लावला तर पलीकडचा उजेड दिसतो. बाकीच्या चोवीस गाड्यांत ती जागा भरलेली होती आणि दोन महिन्यांत तिथेच तडे गेले. या गाड्यात ती मोकळी आहे, आणि अकरा वर्षांत केसाएवढी रेघ नाही. मी रॉकेल लावलं, पुसलं, वर खडू फासला आणि अर्धा तास स्टुलावर बसून राहिलो. तडा असता तर रॉकेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटली असती. खडू पांढराच राहिला.

आयुष्यभर मला एकच कळलं होतं, की जोड जितका भरलेला तितका पक्का. मग जिथे जोड कमी तिथे ताकद जास्त कशी? एवढं मला समजावून सांग.

आणखी एक. नवसाबाईंच्या गटात तीस जण आहेत आणि सगळ्यांना असाच गाडा हवाय. बाई म्हणाल्या, "ह्याच्यासारखाच करा शेठ. तुमची अक्कल नका घालू त्यात." नवनाथ म्हणाला, नमुना समोर आहे, मापं घेऊन उतरवू. मी नाही म्हटलं. ड्रॉइंग तुझं आहे. तुझ्याकडून आलं तर करायचे, नाहीतर बाईंना दुसरं दुकान दाखवायचं. आमच्याकडची प्रत गहाळ झाली आहे.

जाताना तू म्हणाली होतीस, "दादा, काही सांगायचं असेल तर लिहून द्या. तुमचं बोललेलं फिरतं." अकरा वर्षं मी फोनच लावत राहिलो. आज लिहून देतोय.

तुझा,
दादा


सातपूर
रविवार, १९ जानेवारी

चि. रूपाली,

उत्तर नाही. कोइमतूरला टपाल उशिरा पोचत असेल, असं तुझी आई म्हणते आणि माझ्याकडे न बघता हळदीकुंकवाच्या वाणाची यादी करत बसते.

मला थांबवेना. तुझा गाडा उतरवणार नाही म्हणालो होतो, तो शब्द पाळलाय. पण नुसता कोपरा करून पाहायला काय हरकत, असं मनाशी ठरवलं. भंगारातल्या पत्र्याचे दोन कोपरे केले. एक भरलेला, एक तुझ्यासारखा मोकळा. शेजारच्या बंद पडलेल्या गिरणीची मोटर आणली, तिच्या फिरत्या चाकाला एका बाजूला लोखंडाचा गोळा ठोकला. मोटर चालू केली की ती पिसाळल्यासारखी थरथरते. तिच्या दोन बाजूंना दोन्ही कोपरे बांधले आणि वर वाळूची पोती टांगली. शेतातल्या ढेकळांवरून गाडा जातो, तसे हिसके बसावेत म्हणून. नवनाथ म्हणाला, भाऊ, वय सत्तरीचं आणि खेळणं सातवीचं.

खरं आहे ते. पेठच्या शाळेत असताना मी भोवऱ्याला वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या गुंडाळून कोणता जास्त फिरतो ते वहीत लिहायचो. गणिताच्या वहीत भोवरा आणि मागच्या पानांवर कविता. शाळेच्या मागे डोंगर, पुढे नाचणीची खाचरं, आणि मधल्या सुट्टीत आम्ही पाठ केलेल्या ओळी ओरडत उतारावरून धावायचो. असो.

मोटर फिरत होती तोवर मी दुसरा एक हिशेब केला. आपला जुना गाडा, माझ्या पद्धतीचा, नवनाथला एक करायला लावला आणि शेजारी पाटी घेऊन बसलो. चौदा तुकडे, अडतीस वेल्ड. सांगाडा सहा वेळा उलटापालटा करावा लागला, आणि नवनाथ बावीस वेळा वाकला. मग तुझ्या पंचविसाव्या गाड्यावरचे वेल्ड मोजले. नऊ. नऊच्या नऊ वरून दिसणारे, म्हणजे सांगाडा उलटायची गरजच नाही. तुकडे एकमेकांत बसत असल्यामुळे काटकोनाचा गुण्या धरून उभं राहायला दुसरा माणूस नको. एक तुकडा खाचेत गेला की पुढचा कुठे बसणार ते आपोआप कळतं, जसं पाठ कविता म्हणताना पुढची ओळ जिभेवर येऊन उभी राहते.

तू तेव्हा म्हणायचीस, "दादा, पैसे लोखंडात जात नाहीत, नवनाथकाकांच्या कमरेत जातात." मी हसायचो. पाव इंचाचा वेल्ड अर्ध्या इंचाचा केला तर सळई दुप्पट नाही, चौपट जळते, हेही तू फळीवर काढून दाखवलं होतंस. मी म्हणालो होतो, जळू दे, गिऱ्हाईक निवांत झोपतं.

तिसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत 'टक्' असा आवाज आला. अगदी बारीक, सुपारी फुटावी तसा. मी हात न धुता धावलो. भरलेला कोपरा गेला होता. मोकळा आज सहाव्या दिवशीही हलतोय, वाळूचं पोतं उसवलं तरी.

ती जागा तू विसरलीस, असं तेव्हा आम्हाला वाटलं होतं. तू विसरली नव्हतीस, हे आता मला दिसतंय.

का, तेवढं सांग.

दादा


सातपूर
गुरुवार, ३० जानेवारी

चि. रूपाली,

तुझा निरोप आला. तो माझ्या फोनवर नाही, आईच्या फोनवर आला. तरी आला. आईने मला तो तीनदा वाचून दाखवला, कारण मी दोनदा ऐकू न आल्याचं सोंग केलं. "दादांना विचार, तडा वेल्डमधून गेला की वेल्डच्या शेजारून?"

अकरा वर्षांनी लेकीचा पहिला प्रश्न, आणि तोही तड्याबद्दल. मला फार आनंद झाला. तब्येत विचारली असतीस तर एवढा झाला नसता.

वेल्डच्या शेजारून. वेल्ड जसाच्या तसा आहे, नवनाथचा हात तुला माहीतच आहे. वेल्डचा काठ जिथे पत्र्याला टेकतो तिथून तडा निघाला आणि पत्र्याच्या वाकवलेल्या कडेकडे गेला. चोवीस गाड्यांतही तसंच होतं, हे आता आठवलं. तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. पाहायचं नव्हतं, असं लिहिणं जास्त बरोबर.

आता माझी समजूत सांगतो, चुकली तर खोडून टाक. ओझं आलं की पत्र्याला कोपऱ्यात थोडं लवायचं असतं. आपण तिथे वेल्ड भरून त्याची मान आवळतो. मग सगळं ओझं त्या आवळलेल्या काठावर येऊन बसतं आणि रोज थोडं थोडं चावतं. शिवाय वेल्ड निवताना आखडतो आणि सांगाड्याला ओढतो, म्हणून ते चोवीस गाडे सरळ ढकलले तरी डावीकडे जायचे. तू मोकळी सोडलेली जागा म्हणजे पत्र्याला श्वास घ्यायला ठेवलेली जागा. बरोबर?

हे कळलं तेव्हा मला चिमाजी गुरुजी आठवले. ते वृत्तं शिकवायचे. शार्दूलविक्रीडित शिकवताना बाराव्या अक्षराशी हातातला खडू हवेत धरून थांबायचे. तिथे यती असतो, आवाजाने टेकायची जागा. सगळी मुलं घाईघाईने पुढे पळायची. गुरुजी म्हणायचे, "थांबलात तर ओळ पुढे जाईल. नाही थांबलात तर ती तुमच्या अंगावर पडेल." तालुक्याच्या पठणस्पर्धेत मी पहिला आलो, तो फक्त थांबल्यामुळे. घरी येताना बक्षिसाची पेन्सिल मी वाटेत चार वेळा खिशातून काढून पाहिली होती.

आणि मीच तुझ्या ओळीतला यती भरून टाकला.

होय, मी. आतापर्यंत 'आम्हाला वाटलं', 'भरलेली होती' असं लिहीत आलो. नवनाथ हातात सळई धरून माझ्याकडे आला होता. त्याने विचारलं, "भाऊ, हा कोपरा सोडायचा का?" मी म्हणालो, "भर. पोरीचं राहिलंय." तो गेला आणि त्याने चोवीसच्या चोवीस भरले.

नवसाबाई काल पुन्हा येऊन गेल्या. उन्हाळी भाजी निघायच्या आत गाडे हवेत म्हणतात. त्यांना मी थांबायला सांगितलं आहे. कशासाठी थांबायचं ते सांगितलेलं नाही.

दादा


सातपूर
मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. रूपाली,

आईच्या फोनवर तुझा दुसरा निरोप. "दादांना विचार, ड्रॉइंगमध्ये त्या कोपऱ्यावर काय लिहिलं होतं?"

यावेळी ऐकू न आल्याचं सोंग केलं नाही. आईने फोन खाली ठेवला आणि विचारलं, "काय लिहिलं होतं हो?" तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. पाच दिवस कागद समोर घेऊन बसतोय.

त्या कोपऱ्याला बाण होता आणि बाणाच्या शेपटीला तुझ्या गोल अक्षरात, नवनाथला कळावं म्हणून मराठीत लिहिलेलं होतं, 'येथे वेल्ड नको'. मी ते वाचलं होतं. वाचून खाली 'तपासले' या चौकटीत सही केली होती. आणि मग येवल्याहून आल्यावर नवसाबाईंच्या वापरात गेलेला तुझा नमुना पाहिला, त्यातली ती उघडी जागा पाहिली, आणि मला ती सहन झाली नाही. या शेडमधून त्याआधी चाळीस वर्षांत उघडा कोपरा बाहेर गेला नव्हता. लोक म्हणतील सहादूची सळई संपली, असं वाटलं. आणि आत कुठेतरी हेही होतं, की माझ्या अडतीस जोडांचं काम ही पोर नऊ जोडांत करते आणि वर मला सांगते की इथे हात लावू नका.

गाडे परत आले त्या दिवशीचं तुला आठवतंच. गटाची माणसं, कामगार, तुझी आई, सगळे फाटकाशी उभे. तू खाली बसलीस, भरलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलंस आणि माझ्याकडे पाहत राहिलीस. तू मला बोलायची संधी देत होतीस. मी म्हणालो, "जसं कॉलेजचं ड्रॉइंग, तसं काम." तू ड्रॉइंग मागितलंस. मी म्हणालो, सापडत नाही. ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. तू निघून गेल्यावर मी ते फाडलं. पेंटरला दुकानाच्या पाटीवर तुझं नाव घालायला सांगितलं होतं, त्याला त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं. म्हणजे गहाळ काही झालं नव्हतं. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. लिहिलेलंही फिरतं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

हे नुसतं तुला लिहून भागणार नव्हतं. तेव्हा ज्यांच्यापुढे बोललो, त्यांच्यापुढेच बोलायला हवं होतं. काल नवसाबाई गटातल्या सात-आठ जणांना घेऊन आल्या होत्या. मी शेडमध्ये थरथरती मोटर बंद केली आणि दोन्ही कोपरे टेबलावर ठेवले. फुटलेला आणि न फुटलेला. सांगितलं, की गाडे माझ्या लेकीच्या चुकीने मोडले नव्हते. तिने कागदावर लिहून दिलं होतं, मी ते वाचलं होतं, आणि तरी भरून घेतलं. आणि तुमच्यासमोर तिच्यावर ढकललं.

मग नवसाबाई फुटलेला कोपरा उचलून म्हणाल्या, "तवाच मी म्हनले हुते, माझा गाडा बरा हाय. मला म्हनले, बाई, तुमाला काय कळतंय त्यातलं." असं त्यांना मीच म्हणालो होतो.

"आता त्या पोरीला कोन सांगनार?" त्यांनी विचारलं.

लिहितोय, म्हणालो.

"लिहून नाय भागत शेठ. पन लिवा."

सगळे गेल्यावर नवनाथ त्याच्या हत्यारांच्या पेटीकडे गेला. खालच्या कप्प्यातून प्लास्टिकची एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत ड्रॉइंगचे तुकडे होते. सगळे नाहीत, सात-आठच. मी फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकले, तेव्हा त्याने वेचून ठेवले होते. मी त्याला विचारलं, तू ते वाचलं होतंस? "वाचलं व्हतं की. म्हणून तर इचारायला आलो व्हतो तुमाला." मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, म्हटलं. तो सळई बदलत राहिला. "तुमी मालक. अन् मीबी भरलाच ना तो."

बाणाचा तुकडा या पाकिटात घातला आहे. तेलाचा डाग नवनाथच्या अंगठ्याचा. अक्षर तुझं.

ड्रॉइंग आता मागत नाही. तू न पाठवण्याचं कारण मला कळलं आहे. नवसाबाईंना अंबडच्या एका दुकानाचं नाव देऊन ठेवलंय, महिनाअखेर त्या तिकडे जातील.

एक मात्र विचारतो, नुसतं कुतूहल म्हणून. पट्टीचं टोक तू सरळ न कापता गोल का कापलं होतंस? मोटरवर दोन्ही प्रकार लावून पाहतोय.

तुझा दादा


सातपूर
गुरुवार, ६ मार्च

चि. रूपाली,

सोमवारी पोस्टमनने गुंडाळी आणून दिली. आत पत्र असेल म्हणून तुझ्या आईने गुंडाळी झटकून पाहिली, मग कपड्यासारखी उलटी धरून पाहिली. पत्र नव्हतं. फक्त ड्रॉइंग.

मी ते टेबलावर पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर नटबोल्ट ठेवले. नवनाथ आणि मी दोन तास वाचत होतो. नऊचे आता सात वेल्ड झालेत. चाकाचा दांडा बसवायची खाच बदललीस, म्हणजे बेअरिंग बदलायला नवसाबाईंना टेम्पो करून इथे यायला नको. घरीच पान्याने होईल. सगळे तुकडे एका पत्र्यात असे मांडलेत की कापून उरेल ते मुठीत मावेल. आणि पट्टीचं टोक गोल का, त्याचं उत्तर बाजूला छोट्या आकृतीत दिलंस. टोकदार कोपऱ्यात ओझं दाटून बसतं, गोलावरून घरंगळतं. माझ्या मोटरनेही तेच सांगितलं होतं, पण तिला नऊ दिवस लागले.

मराठीत सूचना सगळीकडे आहेत. 'आधी हा तुकडा बसवा.' 'एकाच बाजूने.' 'दोन इंच वेल्ड, चार इंच सोडा.' नवनाथ एकेक सूचना बोट ठेवून मोठ्याने वाचत होता, शाळेतल्यासारखा. वाचता वाचता तो त्या कोपऱ्याशी आला आणि थांबला. जागा उघडी आहे. बाण नाही. काही लिहिलेलं नाही. कागद कोरा.

नवनाथने चेहरा अगदी सरळ ठेवून विचारलं, "भाऊ, इथं कायबी नाय लिहिलं. पोरगी विसरली का काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, सळई निवडत होता.

"पुढचं वाच," मी म्हणालो.

नवसाबाई अंबडला गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, पोरीचं काय ते कळल्याशिवाय कशी जाऊ. पहिला गाडा काल दुपारी तयार झाला. नवनाथ तीनदा वाकला, मी पाटीवर मोजलं. फाटकापासून रस्त्यापर्यंत दोन पोती वाळू टाकून मी तो स्वतः ढकलत नेला आणि आणला. सरळ चालतो. 'तपासले' या चौकटीत मी सही केलेली नाही. गाड्यावर तू हात फिरवून पाहिलास की मग करीन, तोवर ती चौकटही तशीच राहू दे.

रंग अजून दिलेला नाही. गाडा शेडच्या दारात उभा आहे. सकाळी चहा घेताना मी स्टुलावर बसतो आणि त्या कोपऱ्याला डोळा लावतो. तिथून फाटक दिसतं.

तुझा,
दादा